परस्पर अपेक्षापत्र, पाने सहा

…नाही, पण मला एवढंच सांगा, एखाद्या मुलीला दहा दिवस गप्प बसायला जायचं असेल, तर त्यासाठी घरातल्या तीन मोठ्या माणसांनी पाच दिवस भांडायची काय गरज होती? गप्पच बसायला चालले होते ना मी? असं काय मोठं मागितलं होतं? दोन सह्या. आईची एक, बाबांची एक. इतरांच्या घरी आई भाजी चिरता चिरता सही करते, कागदावर ओल्या बोटाचा ठसा उमटतो, झालं, मुलगी निघाली. आमच्याकडे सही म्हणजे… थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, एरवी या पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नाही आणि फुटला की मधूनच फुटतो. खरंय ते. चार माणसं समोर असली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण मनातल्या मनात मी जी बोलत सुटते ना, तिला ना पूर्णविराम ना स्वल्पविराम, आणि आज तेच सगळं बाहेर येतंय, तर आता ऐकूनच घ्या.

तर आमच्या जीवशास्त्राच्या बाई दर वर्षी सुट्टीत पक्षी मोजायचं शिबिर घेतात. शहराबाहेर मोठं तळं आहे, तळ्याकाठी लाकडी मचाणं आहेत, त्यावर बसायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि वहीत खुणा करायच्या. आमच्या शाळेतून फक्त बारा जण, तेही वह्या तपासून निवडलेले. माझी वही निवडली गेली, कारण दोन वर्षं मी न्हाणीघराच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे पक्षी मोजतेय. न्हाणीघरातूनच का? तर आमच्या घरात आतून कडी असलेली तेवढी एकच जागा आहे. बाईंनी शिबिराचं माहितीपत्रक दिलं, मी त्यावरचा पहिला नियम वाचला आणि तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला. ‘पहाटे पाच ते सकाळी दहा या वेळेत बोलण्यास सक्त मनाई.’ किती सुंदर शब्द आहेत. नुसती मनाई नाही, सक्त. म्हणजे तिथे मला कुणी ‘तू गप्प का?’ असं विचारूच शकणार नाही. विचारलं तर त्यालाच मचाणावरून खाली उतरवतील. मी तो कागद घरी आणला आणि उशीखाली ठेवला.

पण त्या कागदाला टाचलेला आणखी एक कागद होता, आणि माझं नशीब टाचणीसकट तिथेच होतं. वर लिहिलेलं, ‘परस्पर अपेक्षापत्र’. गेल्या वर्षी म्हणे एका मुलाची आई चौथ्याच दिवशी पांघरूण घेऊन तळ्यावर हजर झाली, आणि दुसऱ्या एकाला वाटलं होतं रविवारी घरचे येतील, ते आलेच नाहीत, तो दिवसभर फाटकाकडे बघत बसला. तेव्हा बाईंनी ठरवलं की कुणाची कुणाकडून काय अपेक्षा आहे ते आधीच लिहून द्या. एक पान, तीन चौकोन. पहिल्यात पालकांच्या मुलाकडून अपेक्षा, दुसऱ्यात मुलाच्या पालकांकडून अपेक्षा, तिसऱ्यात दोघांना मान्य असलेलं. प्रत्येक चौकोनात चार ओळी, खाली सह्या. सोमवारी कागद मिळाला, शुक्रवारी बाराच्या घंटेच्या आत द्यायचा. घंटा झाली की जागा गेली, राखीव यादीतल्या मुलीला. आणि राखीव यादीत पहिली कोण, तर आमच्या वर्गातली रेडिओ. तिला सगळे रेडिओच म्हणतात, कारण तिला बंद करायचं बटण नाही.

आता हा कागद दुसऱ्या कुठल्याही घरात गेला असता तर काम किती, चार मिनिटांचं. पण तो आमच्या घरात आला. आमच्या घरात असा कागद येणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळाशेजारी साखर सांडणं.

त्याचं कारण आमचे बाबा. बाबा सामान हलवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहेत. कुणी घर बदलत असेल तर बाबा आधी जातात आणि एकेका वस्तूची आजची स्थिती लिहितात. कपाट, डाव्या दारावर जुना चरा, बोटभर. टेबल, एक पाय हलतो. आरसा, कडेला पोपडा. मालकाची सही घेतात आणि मगच सामान उचलतात, म्हणजे पलीकडे पोचल्यावर कुणी म्हणायला नको की हा चरा तुम्हीच पाडला. आणि ही सवय त्यांनी ऑफिसात ठेवून यावी की नाही? नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर टीव्हीचा करार आहे, गिझरचा करार आहे, वर्तमानपत्र आधी कुणी उघडायचं आणि शब्दकोडं कुणी सोडवायचं याचा करार आहे. बाबा कधी आवाज चढवत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि हळूच म्हणतात, “लेखी असलं की भांडण नसतं.” आणि हे सगळे करार कुणाच्या अक्षरात? माझ्या. बाबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, आईचं पाण्यात बुडवून काढल्यासारखं असतं, आणि आत्या मशीनशिवाय लिहीत नाही. म्हणजे भांडायचं त्यांनी आणि सुवाच्य करायचं मी.

सोमवारी मी कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि तुम्हाला सांगते, माणसाला देव भेटल्यावर चेहरा होत असेल तसा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, शाळेला पहिल्यांदा अक्कल आली. म्हणाले, घाईने भरायचा नाही, हा विचार करून भरायचा कागद आहे. मी मनात म्हटलं, संपलं.

मंगळवारी शाळेतून आले तर बाबांनी पहिला चौकोन भरून ठेवलेला होता. पेनाने. अपेक्षा लिहायच्या होत्या ना? बाबांनी स्थिती लिहिली होती. माझी. ‘मुलगी एक. डाव्या गुडघ्यावर जुना व्रण, सायकलवरून पडल्याचा. पुढचा एक दात किंचित आत. चष्मा आहे, उजवी काडी सैल. बोलणे क्वचित. हसणे घरात, पाहुणे नसताना. सकाळी दोनदा हलवावे लागते. फार वेळ उन्हात ठेवू नये. वरील स्थितीतच परत मिळावी.’ चार ओळींत हे मावणार कसं, म्हणून शेवटचं वाक्य समासातून वर चढत शाळेच्या नावापर्यंत गेलेलं. मला आधी हसू आलं. आणि मग चष्मा काढून मी उजवी काडी हलवून बघितली, कारण ती सैल झालीय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनी ते बघितलं कधी?

तेवढ्यात आई आली. आई पोहायच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. तिथे पाण्याच्या आवाजावरून ओरडावं लागतं, आणि तो आवाज घरी येताना तलावावर ठेवून यायचं तिच्या कधी लक्षात राहत नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात तो कागद, आणि तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “ही मुलगी आहे की कपाट?”

बाबा शांतपणे म्हणाले की मुलगी आहे म्हणूनच जास्त काळजीने लिहिलंय, कपाटाला आपण दोन ओळींतच आटपतो. आई म्हणाली, हसणे घरात म्हणजे काय, लोकांना वाटेल आम्ही हिला बाहेर हसू देत नाही, आणि बोलणे क्वचित हे असं शाळेच्या कागदावर लिहून कोण देतं, हिचं पुढे काही व्हायचंय की नाही? आणि तिने तिथल्या तिथे ‘बोलणे क्वचित’ खोडलं आणि वर बाण काढून लिहिलं, ‘शिबिरात चार जणांत मोकळेपणाने बोलायला शिकावे.’ बाबा म्हणाले, खाडाखोड केलीस तर शेजारी सही कर. आईने सही केली. मग बाबांनी आईच्या वाक्याखाली लिहिलं, ‘सदर सुधारणा मला मान्य नाही,’ आणि शेजारी त्यांनी सही केली. म्हणजे शुक्रवारी हव्या होत्या त्या दोन्ही सह्या मंगळवारीच झाल्या, पण एकमेकांच्या विरुद्ध.

मध्येच दोघांना माझी आठवण झाली. दोघं एकदम वळून म्हणाले, “हां, आणि तुझी काय अपेक्षा आहे आमच्याकडून?” आता अशी दोन माणसं एकदम वळली तर कुणाला काय सुचेल? मी श्वास घेतला. तेवढ्यात आई म्हणाली, राहू दे, तिला विचार करू दे, आणि बाबांना म्हणाली, तुम्ही आधी तो दात खोडा.

तुमच्या लक्षात आलं का, आईला वाटत होतं शिबिरात मी बोलायला शिकणार. ते सक्त मनाईचं माहितीपत्रक माझ्या उशीखाली होतं. मी खोटं बोलले नव्हते. मी काहीच बोलले नव्हते. त्या बाबतीत माझ्यावर कधी कुणाला संशय येत नाही.

बुधवारी मी शाळेत बाईंकडे गेले. टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाण आणि सह्या बघितल्या, आणि काही न विचारता कपाटातून कोरा कागद काढून दिला. म्हणाल्या, शेवटची प्रत आहे हं, जपून. इतक्या चांगल्या आहेत बाई, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

घरी आले तर आत्या बसलेली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्या समोरच्याच दारात राहते, पण दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात, त्यामुळे ती नक्की कुठे राहते हे पोस्टमनलाही ठरवता येत नाही. वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाली. ती म्हणाली, तुम्हा दोघांना मसुदा करता येत नाही, मूळ कागदाला हात लावू नका, सगळं जोडपत्रात घ्या. जोडपत्र म्हणजे वेगळं पान लिहून मूळ कागदाला जोडायचं, त्याला ओळींची मर्यादा नाही. आता हे आमच्या घरात सांगायचं असतं का? मर्यादा नाही? आत्या सोफ्यावर मांडी घालून सांगायला लागली, “लिहून घेणार, आई आणि वडील. लिहून देणार, सदरहू मुलगी. कारणे अपेक्षापत्र लिहून देते ऐसे की…” आणि सदरहू मुलगी जमिनीवर बसून ते लिहीत होती.

पहिली अडचण बसवर आली. शिबिर संपल्यावर बस शाळेपाशी परत येणार, तिथून मला घ्यायला कोण जाणार? साधा प्रश्न. आई म्हणाली मी जाईन, बाबा म्हणाले मी जाईन, आणि मग दोघं एकदम गप्प झाले. आमच्या घरात असं गप्प होणं वर्षातून एकदा होतं, आणि ते का होतं ते मला माहीत आहे.

मी बालवाडीत होते तेव्हा एके दिवशी आईला वाटलं बाबा नेतील, बाबांना वाटलं आई नेईल. तोंडी ठरलं होतं. सगळी मुलं गेली, बाई गेल्या, आणि मी वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून राहिले, दिवेलागणीपर्यंत. मग दोघंही एकदमच धावत आले, दोन दिशांनी. दोघंही रडत होते, आणि रडता रडता भांडत होते. त्या दिवसापासून बाबा म्हणतात, लेखी असलं की भांडण नसतं. घरातला पहिला करार तोच, मला शाळेतून कुणी आणायचं त्याचा.

पण तुम्हाला एक सांगू? मला त्या संध्याकाळी मुळीच भीती वाटली नव्हती. वॉचमनकाका एक शब्द बोलले नाहीत. समोरच्या झाडावर पक्षी परत येत होते, काका बोटाने एकेक दाखवत होते आणि मी मोजत होते. मला पन्नासपर्यंत येत होतं. पन्नास झाले की परत एकपासून. माझी ती सगळ्यात छान संध्याकाळ होती. आणि हे मी घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण दोघांनी त्या संध्याकाळवरून आजवर इतकं भांडून घेतलंय की आता कसं सांगणार, मला मजा येत होती म्हणून?

असो. तर बसवर दीड पान झालं. दोघांनी जायचं, एकाने फाटकाच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, एकाने उजव्या. एकाला उशीर झाला तर दुसऱ्याने त्यावरून बोलायचं नाही. बोललं तर आत्याकडे तक्रार. आत्या म्हणाली, लवाद म्हणून माझं नाव घाल. घातलं. मग आत्या म्हणाली, “आता मुलीच्या अपेक्षा. सांग गं.” मी पेन खाली ठेवलं, कारण लिहिता लिहिता मला बोलता येत नाही. आत्या म्हणाली, बघ, पेन ठेवलं, दमली पोर, आजचं इथेच थांबवू.

दमली नव्हते हो मी.

गुरुवारी आत्याला एकदम आठवलं की मूळ माहितीपत्रक कुठंय? नियम न वाचता सही करायची? वकिलाकडची सवय. मी म्हणणार होते की सापडत नाही, पण ते म्हणायलाही बोलावं लागतं. आणि आमच्याकडे उशी उचलायला परवानगी लागेल असा काही करार नाही. पुढच्या मिनिटाला आत्या खोलीच्या मधोमध उभी राहून मोठ्याने वाचत होती, पहाटे पाच ते सकाळी दहा बोलण्यास सक्त मनाई.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि तलावावर कधीही वापरत नाही अशा आवाजात म्हणाली, “म्हणून तुला जायचंय? आमच्याशी बोलायला लागू नये म्हणून?”

याला काय उत्तर द्यायचं, सांगा ना. हो म्हटलं तर आई रडणार, नाही म्हटलं तर खोटं. मी मान अशी हलवली की तिचे दोन्ही अर्थ निघावेत. आई म्हणाली, पाठवायचं नाही हिला, आधीच अशी आहे, वर पन्नास तास गप्प, परत येईल तेव्हा आपली भाषा विसरलेली असेल. 

आणि अशा वेळी वाचवायला कोण यावं, तर बाबा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले की यावर उपाय आहे, भरपाईचं कलम घाला. तिने तिथे जेवढं बोलायचं नाही त्यातलं काही आधी इथे बोलून जावं. निघेपर्यंत रोज अर्धा तास, आईसमोर बसून. आत्या म्हणाली, वा, आगाऊ बोलणे, लिही गं. मी लिहिलं. आई म्हणाली, आजचा अर्धा तास आत्ताच. टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं, समोर आई, बाजूला बाबा नोंद घ्यायला, दारात आत्या साक्षीला. बोल म्हणे.

पहिली दोन मिनिटं नुसती टिकटिक. मग काय झालं कोण जाणे, मी समोरच्या गच्चीवरच्या साळुंकीबद्दल बोलायला लागले. तिला एकच पाय आहे. ती पाण्याच्या टाकीच्या कडेवर उतरते तेव्हा आधी पंखांनी तोल धरते आणि मगच पाय टेकते, बाकीच्या साळुंक्या आधीच दाणे उचलून गेलेल्या असतात, तरी ती घाई करत नाही. रोज सव्वासातला येते. चौदा दिवस आली नव्हती तेव्हा मी वहीत चौदा रिकाम्या रेघा मारल्यात. मी हे सगळं बोलले, मोठ्याने. आणि आई ऐकत होती. पापणी न हलवता. तुम्हाला सांगते, मला वाटलं आता पुढचंही सांगून टाकावं, वॉचमनकाकांचं, स्टुलाचं, सगळं. मी तोंड उघडलं.

आई म्हणाली, “बघ, येतं की तुला बोलायला. आमच्या तलावावरसुद्धा ना एक पक्षी येतो…” आणि सुरू झाली. तो पक्षी, मग त्या पक्ष्याला दगड मारणारा मुलगा, मग त्या मुलाची आई, मग त्या आईने मॅनेजरकडे केलेली तक्रार. घड्याळ वाजलं. बाबांनी नोंद वाचून दाखवली. मुलगी, चार मिनिटं. आई, चोवीस. टिकटिक, दोन. पण आई खूश होती. म्हणाली, जाऊ दे, पाठवू या. आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, तुझ्या त्या चौकोनात तू तुझं तुझं लिही, आम्ही बघणार पण नाही. बाबा म्हणाले, हो, पण सहीच्या आधी.

सगळं मिळून सहा पानं झाली. मी ती सुवाच्य अक्षरात काढली, मूळ कागद आणि पाच जोडपत्रं. आणि माझ्या चौकोनाशी आले तर, काय आहे ना, पाच दिवस सगळ्यांचं लिहून लिहून माझ्या डोक्यात सगळे सदरहू आणि उपरोक्त झाले होते, त्यात माझं साधं वाक्य सापडेना. म्हटलं सकाळी लिहू, ताज्या डोक्याने. शुक्रवारी सकाळी आत्या साडेदहालाच पेन घेऊन आली, म्हणाली, चला, सह्या. आईला तलावावर जायचं होतं, बाबांचा टेम्पो खाली उभा होता, तिघं टेबलाभोवती उभे, आणि मी ‘एक मिनिट’ म्हणण्यासाठी श्वास घेतला तोवर आईची सही झाली, बाबांची झाली, साक्षीदार म्हणून आत्याची झाली, सहा पानांवर अठरा सह्या. मग माझ्या हातात पेन. मीही केली. सवय हो. बाबांनी खाली तारीख टाकली आणि म्हणाले, आता यात टिंबसुद्धा वाढवायचं नाही, सहीनंतर वाढवलेला शब्द म्हणजे चोरी. हे ते सगळ्यांनाच सांगतात. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं असेल.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना मी शाळेत पोचले. शिक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून रेडिओ उभी होती आणि शिपायाला तिच्या मावशीच्या मांजराची गोष्ट सांगत होती. तिच्या हातात तिचं अपेक्षापत्र होतं. मला ते उलटं दिसलं. एका चौकोनात ‘नीट राहणे’, दुसऱ्यात ‘काळजी करू नये’, तिसऱ्यात ‘ठीक आहे’. संपलं. घरच्यांची सही पण नीट नव्हती, नुसती वळवळ.

बाईंनी माझी सहा पानं घेतली. वाचायला लागल्या. मध्ये एकदा त्यांनी हसू दाबलं, बसच्या पानावर बहुतेक. मग मूळ कागद वर घेतला आणि थांबल्या.

“अगं, तुझा चौकोन कोराच आहे.”

मी मान हलवली.

“परस्पर म्हणजे दोन्हीकडून ना? हे तर सगळं त्यांचंच आहे. बस इथे, लिहून टाक. दोन ओळी. तुझी काय अपेक्षा आहे त्यांच्याकडून?”

आणि बाई थांबल्या. खरंच थांबल्या. हातातला चहा खाली ठेवून, माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत थांबल्या, माझ्यासारखीला कसं विचारायचं असतं तसं. आणि मला सुचलं. पाच दिवसांत पहिल्यांदा अगदी स्वच्छ सुचलं, एका ओळीचं होतं. ‘मला काही विचारलंत तर उत्तर येईपर्यंत थांबावे.’ बस्. एवढंच हवं होतं मला. मी पेन उघडलं, टोक कागदावर टेकवलं, आणि खाली बघितलं तर सह्या. आईची, बाबांची, आत्याची. तारखेसकट.

आता तुम्ही म्हणाल, वेडी आहेस का, कुणाला कळणार होतं? बाईंनी स्वतः सांगितलं होतं लिही म्हणून. पण घरच्यांनी हे वाक्य वाचलंच नव्हतं ना सही करताना. त्यांना माहीतच नसलेली गोष्ट त्यांच्या सहीच्या वर घुसवायची? मी बाईंना सांगायला गेले. सांगितलंही. “सह्या झाल्यात,” म्हटलं. बाईंना ऐकूच गेलं नाही, कारण बाहेर रेडिओच्या मावशीचं मांजर तिसऱ्या मजल्यावरून पडलं होतं. मी परत म्हटलं, सह्या झाल्यात. बाई म्हणाल्या, हो, सह्या दिसतायत मला, तू तुझं लिही. मी पेन बंद केलं. उघडलं. बाई थांबल्या होत्या, पण घंटा कुणासाठी थांबते? वाजली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “तुला जायचं नाहीये का बाळा? तसं असेल तरी चालेल.” त्यांना वाटलं, घरच्यांनी बळजबरी केलीय. सहा पानं बघितल्यावर कुणालाही वाटेल. मी नाही-नाही अशी मान हलवली, आणि ती बाईंना नाही, जायचं नाही, अशी दिसली. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि रेडिओला आत बोलावलं.

घरी काय झालं असेल, सांगायला हवं का?  आईने मला कुशीत घेतलं. मग बाबा म्हणाले, पण चौकोन भरला की नाही हे तपासायची जबाबदारी कुणाची होती? आई म्हणाली, माझी नव्हती. आत्या म्हणाली, मी फक्त साक्षीदार. बाबांनी सह्यांनंतर काढून ठेवलेली फोटोकॉपी आणली, सहाही पानं टेबलावर पसरली आणि तिघं मिळून ते कलम शोधायला लागले. कलमच नव्हतं. पाच दिवस सगळ्या जगाचं लिहिलं, तेवढं एक राहिलं. बाबांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची कीव आली. संध्याकाळपर्यंत ते भांडण चाललं होतं, आणि मध्ये एकदा बाबाच म्हणाले, बघा, लेखी असलं की भांडण नसतं. 

आता रेडिओ जाणार तळ्यावर. सक्त मनाईत. मी तिच्याबद्दल वाईट विचार करत नाही, फक्त पक्ष्यांची काळजी वाटते.

आणि आता हे ऐका, इथे संपलं असतं तर मी तुम्हाला थांबवलंही नसतं. सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझी सहा पानं. म्हणाल्या, काय अक्षर आहे, काय मुद्देसूद आहे, असा कागद मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून शाळेतल्या प्रत्येक मुलाचं असं अपेक्षापत्र घ्यायचं ठरवलंय, सुट्टीत पालक येतील, सांगतील, तू त्यांचं लिहून घ्यायचं. रोज सकाळी, दहा दिवस. तुझी सुट्टी मोकळीच आहे ना आता? एकेका खोलीत तीस तीस पालक बसतील म्हणे, आणि सगळे एकदम बोलतील.

मी तिथे उभी होते आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला आपणहून प्रश्न विचारला. आवाज फुटला कसा, मलाच कळलं नाही. विचारलं, म्हणजे मी किती वेळ बसायचं, मध्ये सुट्टी कधी, हे कुठे लेखी मिळेल का?

त्या इतक्या हसल्या. चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, “अगं, तुझ्यामाझ्यात लेखी कशाला हवं? तू काय नाही म्हणणार आहेस?”

मी श्वास घेतला. तोवर त्यांनी फोन उचलला होता.